पाणी वाढवलं की सूर चढतो की उतरतो? (घरगुती प्रयोग सुचवा)

सोलकढी
मंडळी, मदत हवी आहे. मुलगी सातवीत, आम्ही फोंड्याला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिच्या गटाला 'ध्वनी' विषय आलाय. बाईंची अट अशी की विकत काही आणायचं नाही, घरात असेल त्यातूनच करायचं.

तिनं ओट्यावर बाटल्या मांडल्या, कमीजास्त पाणी भरलं आणि चमच्यानं वाजवल्या. जास्त पाण्याची बाटली खालच्या सुरात वाजली. मग मैत्रीण आली, तिनं त्याच बाटल्यांच्या तोंडावर फुंकर घातली, तर नेमकं उलट: जास्त पाणी, वरचा सूर. तेव्हापासून दोघींत जुंपली आहे. मला दिसतंय की दोघी बरोबर आहेत, पण का ते सांगता येत नाही. शिवाय आणखी काय करता येईल तेही सांगा. घरात सासूबाईंची पेटी आहे, मोबाइल आहे, बाकी सगळं स्वयंपाकघर. प्रदर्शन चतुर्थीच्या आधी आहे.

बिनसुरा
पहिला प्रयोग झाला की! दोन मुली एका ओट्यावर ठेवल्या की आवाज वाढतो.

परिमाण
ताई, ध्वनीच्या प्रत्येक प्रयोगात आधी एवढंच विचारायचं: थरथरतंय काय?

चमचा मारला की काच थरथरते. काचेला टेकून असलेल्या पाण्यालाही तिच्याबरोबर हलावं लागतं. पाणी वाढलं की ओझं वाढलं, कंप सावकाश झाले, सूर उतरला. जलतरंगवाले हेच करतात. चिनी मातीच्या वाटीत चमचाभर पाणी घातलं की सूर किंचित उतरतो, म्हणून सूर लावताना ते थेंबाथेंबानं पाणी घालत-काढत बसतात. पेल्यावर करून बघा, एक गंमत दिसेल. तळाशी थोडं पाणी घातलं तर सुरात फारसा फरक पडत नाही, काठाजवळ पाणी आलं की सूर भराभर उतरतो. कारण पेल्याचा काठ सगळ्यात जास्त हलतो, तळ जवळजवळ स्वस्थ असतो.

फुंकर घातली की काच गप्प असते आणि आतली हवा थरथरते. बाटलीच्या मानेतली हवा हे वजन आणि पोटातली हवा ही तिच्याखालची स्प्रिंग. पोटातली जागा कमी झाली की स्प्रिंग कडक होते, सूर चढतो. पाणी इथं नुसती जागा अडवतं, त्याच्या वजनाचा काही संबंध नाही. खात्री करायची तर पाण्याऐवजी तितकेच तांदूळ भरून फुंका. तांदळाच्या दाण्यांमध्ये हवा असते, तेव्हा सूर तंतोतंत तोच येणार नाही, पण चढेल नक्की.

सोलकढी
हे आत्ता तिला वाचून दाखवलं. म्हणते, "मग अर्धी बाटली भरली की वरचा सा मिळेल." मिळेल का?

परिमाण
नाही, आणि हेच प्रदर्शनात ठेवा. बाटलीत सूर हवेच्या आकारमानाच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात बदलतो. वरचा सा म्हणजे कंप दुप्पट, आणि ते दुप्पट व्हायला बाटलीतली हवा अर्धी नाही, पाव उरली पाहिजे. म्हणजे 750 मिलीची बाटली असेल तर वरच्या सा साठी सुमारे 560 मिली पाणी. अर्धी भरली तर म च्या पुढं, प च्या अलीकडं कुठंतरी लटकाल.

मांडवीकाठ
आपण रोज करतो तो प्रयोग राहिलाच. नळाखाली कळशी लावून बाहेर जायचं आणि आवाजावरून 'भरत आली' म्हणून धावत यायचं. पाणी वर चढतं, वरची हवा आखूड होते, आवाज बारीक होत जातो. माझी आई पाठमोरी उभी राहून नेमक्या वेळी नळ बंद करायची, थेंब सांडत नसे.

घुमटकार
गोव्यातलं प्रदर्शन आणि घुमट नाही, असं कसं चालेल! 2019 मध्ये सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित केलंय. चतुर्थीला आरत्यांना घराघरात घुमट, शामेळ, कासाळें वाजतंच. मुलींनी ते फक्त ऐकू नये, त्यातलं विज्ञान बघावं.

घुमट म्हणजे दोन्हीकडं तोंड असलेलं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर चामडं, मागचं लहान तोंड उघडं. एका हातानं चामड्यावर वाजवतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या लहान तोंडावर उघडझाप करतो. तोंड झाकत आणलं की घुमार खाली बसतो, मोकळं केलं की वर येतो. परिमाण यांची बाटलीच आहे ही, फक्त इथं हवेची जागा तीच राहते आणि तोंडाची रुंदी बदलते.

पूर्वी चामडं घोरपडीचं असायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती संरक्षित आहे, त्यामुळं आता बकऱ्याचं कातडं लावतात. जुने वाजवणारे नाक मुरडतात, मी मुरडत नाही. नीट मढवलेलं बकऱ्याचं घुमटही चांगलं बोलतं.

घरात घुमट नसेल तर स्वतःचं तोंड आहे. ओठांचा चंबू करून गालावर टिचकी मारा. मग ओठ थोडे थोडे उघडत टिचक्या मारत जा. सूर चढत जातो. जरा सराव केलात तर आरतीची चाल गालावर वाजते. सामान शून्य.

बिनसुरा
ऑफिसात करून बघितलं. शेजारचा विचारतो दाढ दुखते का.

सोलकढी
मुलीला हे सगळ्यात आवडलं! पण घुमटकारदादा, पावसात चामडं सैल पडतं ना? आमच्या वाड्यावर आरतीआधी शेकतात.

घुमटकार
हो, हवेतला ओलावा चामडं पितं आणि ढिलं पडतं, ताण गेला की सूर उतरतो. शेकलं की ओल जाते, ताण परत येतो. उन्हाळ्यात जे घुमट टणटण बोलतं तेच भाद्रपदात भदभद करतं. शेकताना विस्तवाच्या फार जवळ नेऊ नका, चामडं तडकतं.

मांडवीकाठ
ताणावरून आठवलं. सगळीकडं सांगतात की रबरबँड जास्त ताणला की सूर चढतो. आमच्या पोरांनी डब्यावर लावून, मग मोठ्या डब्यावर ताणून बघितलं. सूर जवळपास तिथंच! मग आम्ही कुठं चुकत होतो?

परिमाण
चुकलं काहीच नाही, तुमच्या पोरांनी फार छान गोष्ट पकडली. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि जाडी (नेमकं म्हणायचं तर दर सेंटिमीटरमागचं वजन). मेर्सेन या फ्रेंच पाद्र्यानं सतराव्या शतकात, 1636 च्या सुमारास, याचे नियम मांडले. रबर मोठ्या डब्यावर ताणला की ताण वाढतो आणि रबर बारीक होतो, या दोन्हींनी सूर चढायला हवा. पण त्याच वेळी लांबीही वाढते, आणि ती सूर उतरवते. तिघांची ओढाताण जवळजवळ बरोबरीत सुटते.

सूर चढलेला ऐकायचा असेल तर लांबी पक्की करा. डब्यावर दोन पेन्सिली आडव्या ठेवा, रबर त्यांच्यावरून न्या, आणि पेन्सिलीच्या पलीकडचा भाग ओढा. मधली लांबी तीच, ताण वाढला, आता कुंई करून चढेल.

याहून सरळ मोजमाप हवं तर रबर सोडा, गरीचा नायलॉन दोरा घ्या. तुमच्या वाड्यावर कुणाकडं तरी असेलच. एक टोक टेबलाच्या पायाला बांधा, दोरा टेबलावर ठेवलेल्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावरून नेऊन दुसऱ्या कडेनं खाली सोडा आणि टोकाला पाण्याची बाटली टांगा. अर्धा लिटर पाणी टांगून छेडा, मग दोन लिटर टांगून छेडा. वजन चौपट, सूर दुप्पट: खालचा सा आणि वरचा सा. पेटीवर जुळवून बघता येईल. बाटलीखाली उशी ठेवा, दोरा सुटला तर पाय वाचतील.

साखळीचे_आजोबा
निवृत्त शिक्षक आहे, म्हणून बोलतो. तारेचं सगळे सांगतात, पट्टीचं कुणी सांगत नाही. स्टीलची फूटपट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरा, बाहेरचं टोक टिचकीनं सोडा. बाहेर 24 सेंटिमीटर ठेवली तर फडफड डोळ्यांनी दिसते, सूर असा कानाला लागत नाही. 12 ठेवली की घूं ऐकू येऊ लागतं. आता 12 वरून 6 वर या. तार अर्धी केली तर सूर दुप्पट होतो. पट्टी अर्धी केली तर चौपट होतो, म्हणजे सप्तक एक नाही, दोन चढतात. पट्टी वाकते तो तिचा स्वतःचा ताठरपणा असतो, बाहेरून दिलेला ताण नसतो, त्यामुळं हिशेब वेगळा.

आणि मुलांना हेही दाखवा की डोळ्यांना दिसणारी फडफड आणि कानाला ऐकू येणारा सूर ही एकच गोष्ट आहे. सेकंदाला साधारण 20 कंपांच्या खाली कान ती सूर म्हणून धरत नाही. वरची मर्यादा 20,000 सांगतात, ती तरुण कानांची. मोबाइलवर सूर काढणारं फुकट अ‍ॅप असतं, त्यावर 8,000, मग 12,000, मग 15,000 लावा, आवाज बेताचा ठेवून. नात "बंद करा" म्हणून ओरडते तेव्हा मला घरात शांतता असते.

तिसरी_घंटा
माझ्याकडून एक, आणि हा मला सगळ्यात जादूचा वाटतो. चिनी मातीच्या मगात गरम पाणी घ्या. चमच्यानं मगाच्या तळाला आतून टकटक करत राहा. टकटक चालू असतानाच चमचाभर मीठ किंवा झटपट कॉफी टाका, एकदा ढवळा, परत टकटक. सूर एकदम खाली कोसळतो आणि मग मिनिटभर हळूहळू वर चढत जातो. पुन्हा ढवळा, पुन्हा कोसळतो.

बिनसुरा
कॉफी विरघळून पाणी दाट होतं म्हणून असेल.

तिसरी_घंटा
नाही. दाटपणामुळं असतं तर सूर खालीच राहिला असता. मीठ कुठं पळून जात नाही, ते पाण्यातच असतं, तरी सूर परत चढतो. म्हणजे जे निघून जातं त्यानंच सूर उतरला असला पाहिजे.

साखळीचे_आजोबा
शाबास. असं उत्तर वर्गात मिळालं असतं तर मी पेन काढून दिलं असतं.

परिमाण
निघून जातात ते बुडबुडे. गरम पाण्यात विरघळलेली हवा मीठ टाकताच बारीक बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर पडते. टकटक केल्यावर मगातला पाण्याचा खांब वाजत असतो आणि त्याचा सूर पाण्यातून ध्वनी किती वेगानं जातो यावर ठरतो. साध्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1,480 मीटर, हवेत साधारण 345. आता वाटेल की थोडे बुडबुडे मिसळले तर वेग या दोन्हींच्या मध्ये येईल. तसं होत नाही, तो हवेतल्या वेगापेक्षाही खाली जाऊ शकतो! मिश्रण हवेमुळं मऊ होतं आणि पाण्यामुळं जड राहतं, दोघांचे तोटेच तेवढे एकत्र येतात. अमेरिकेतल्या फ्रँक क्रॉफर्ड या भौतिकशास्त्रज्ञानं 1982 मध्ये यावर लेख लिहिला होता.

ताई, गरम पाणी आहे, तो मग तुम्हीच धरा.

मांडवीकाठ
पोदेराचा, म्हणजे आपल्या पाववाल्याचा, भोंपू कुणी घेतला नाही? सकाळी पों पों करत सायकल येते, जवळ येताना सूर चढा, लांब जाताना उतरता. डॉप्लर परिणाम, उंबऱ्यात फुकट.

परिमाण
इथं जरा थांबतो. आकडे मांडा. सायकल ताशी 15 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला चार मीटरच्या थोडं वर. येताना-जाताना मिळून सुरातला फरक अडीच टक्क्यांच्या आत बसतो. पेटीवर काळी-पांढरी धरून शेजारच्या दोन पट्ट्यांत सुमारे सहा टक्के अंतर असतं. म्हणजे अर्ध्या पट्टीपेक्षाही कमी. त्यात पोदेर रबराचा फुगा कधी जोरात दाबतो, कधी हळू, त्यानंही आवाज बदलतो. जे ऐकू येतं ते बरंचसं लहानमोठं होणं आहे, चढउतार नाही.

ताशी 60 नं हॉर्न वाजवत जाणारी कदंबा बस घ्या, तिथं दीड-पावणेदोन पट्ट्यांचा फरक पडतो, तो कुणालाही कळतो. अर्थात मुलींना हमरस्त्यावर उभं करायचं नाही. घरी करायचं तर दोरीच्या टोकाला पक्क्या पिशवीत काहीतरी सतत वाजणारं घालून डोक्यावर गरगर फिरवायचं. एक मीटर दोरी आणि सेकंदाला दोन फेरे असतील तर लांब उभ्या असलेल्याला सव्वा पट्टीचा फरक ऐकू येतो. फिरवणाऱ्याला मात्र काहीच नाही, कारण त्याच्यापासून अंतर बदलतच नाही.

बिनसुरा
पिशवीत आईचा मोबाइल घालू नये, हे मी लिहून ठेवतो.

घुमटकार
पोदेराच्या बाबतीत परिमाण यांचं पटलं, तरी मला दरवेळी ऐकू येतं असं वाटतं. असो.

तबल्याची शाई (मधला काळा गोल) कशासाठी, हाही एक प्रयोग होतो. पत्र्याच्या डब्यावर जाड प्लास्टिक ताणून बांधा आणि वाजवा. नुसता धप. आता मधोमध कणकेची चपटी गोळी चिकटवा. आवाज खाली उतरतो, आणि गोळी कमीजास्त करत गेलात तर धपमधून सूर डोकावू लागतो. पखवाजाच्या डाव्या अंगाला आजही कणीकच लावतात. साध्या कातड्याचे वेगवेगळे कंप एकमेकांशी जुळत नाहीत, मधलं वजन त्यांना जुळवून आणतं. हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये 'नेचर' नियतकालिकात मांडलं होतं. म्हणजे ज्या संशोधनामुळं नोबेल मिळालं त्याच्याही आधी. घुमटाला शाई नसते, म्हणून त्याला तबल्यासारखा सूर नाही, घुमार आहे.

तिसरी_घंटा
आणखी एक, झटपट. दोन हात लांब दोरा घ्या, मधोमध मोठा स्टीलचा चमचा बांधा, दोऱ्याची टोकं दोन्ही तर्जन्यांना गुंडाळून बोटं कानात घाला, आणि चमचा टेबलावर आपटू द्या. बाकीच्यांना टिक, तुम्हाला जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलची घंटा. चमच्याचे खालचे सूर हवेत नीट पसरतच नाहीत, दोऱ्यातून आणि बोटाच्या हाडातून ते थेट आत येतात. गॅसवरची लोखंडी जाळी टांगली तर आणखी खोल घुमतं.

साखळीचे_आजोबा
ध्वनीला काहीतरी माध्यम लागतंच, हे त्या चमच्यावरून सांगता येईल. एक गोष्ट फोंड्याच्या मुलींना जरूर सांगा. 1977 साली सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर जी सोन्याच्या मुलाम्याची तबकडी आहे, तिच्यावर आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती तबकडी आता अशा जागी आहे की तिथं माध्यमच नाही म्हटलं तरी चालेल. कुणी वाजवली तरी ऐकायला आधी हवा सोबत न्यावी लागेल.

सोलकढी
सगळ्यांचे आभार, देव बरें करूं! मुलींनी ठरवलंय: बाटल्या (दोन्ही पद्धतींनी), गाल, मग आणि फूटपट्टी. तक्त्यावर मोठ्या अक्षरात 'थरथरतंय काय?' लिहिणार आहेत. बाटल्यांवर सा रे ग म लावायचं आहे, फुंकून. किती पाणी घालायचं याचा आकडा मिळेल का? दर वेळी पेटी घेऊन बसणं सासूबाईंना मान्य नाही.

परिमाण
एकसारख्या 750 मिलीच्या काचेच्या बाटल्या धरतो. सा रिकामी. रे ला 157 मिली पाणी, ग ला 270, म ला 328, प ला 417, ध ला 480, नि ला 537, वरच्या सा ला 562. आधीचं वर्गमुळाचं गणितच उलटं फिरवलं आहे. रिकाम्या बाटलीचा सूर खूप खर्जातला येतो, सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपांच्या आसपास, तेव्हा पेटीच्या खालच्या सप्तकात शोधा.

हे आकडे सुरुवातीला धरायचे, शेवटचा निर्णय कानानं. पाणी खांद्याजवळ आलं की बाटलीचा आकार बदलतो आणि गणित सुटायला लागतं, त्यामुळं नि आणि वरचा सा हातानंच जुळवावे लागतील.

मांडवीकाठ
कोकम सरबताच्या बाटल्या चालतील?

परिमाण
चालतील, सगळ्या एकाच मापाच्या हव्यात. पाण्याचे आकडे त्यांच्या मापाच्या प्रमाणात बदला. प्लास्टिकच्या नको, फुंकल्या तर एकवेळ वाजतील पण चमचा मारल्यावर काहीच बोलणार नाहीत.

घुमटकार
पाणी शाळेत गेल्यावर भरा, भरलेल्या बाटल्या घेऊन बसमध्ये चढू नका. खुणेला बाहेरून चिकटपट्टी लावून ठेवा. आणि फुंकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला एकच बाटली देऊ नका, या दिवसांत सगळ्या वाड्याला सर्दी असते.